ट्वीडच्या खोऱ्यात विजेची सायकल

एडिंबराहून दक्षिणेकडे निघालेली बस तासाभरात पीबल्स गावी पोचते. शहर मागे पडले की दोन्ही बाजूंना कुरणे सुरू होतात. त्यांच्या हद्दी दगडी गडग्यांनी आखलेल्या, थेट आपल्या कोकणासारख्या. फक्त जांभ्याऐवजी करडा दगड. कुरणांत मेंढ्या आणि मागे गोलसर माथ्यांच्या टेकड्या. सह्याद्रीसारखे कडे इथे नाहीत. या टेकड्यांमधून ट्वीड नदी पूर्वेकडे वाहत जाते. तिच्या काठी पूर्वी लोकरीच्या गिरण्या चालत. ‘ट्वीड’ हे कापडाचे नाव मूळचे ‘ट्वील’. लंडनच्या एका व्यापाऱ्याने ते चुकीचे वाचले आणि नदीचेच नाव कापडाला चिकटले, अशी गोष्ट तिथले लोक हसत हसत सांगतात.

पीबल्सपासून दोन-तीन किलोमीटरवर ग्लेनट्रेसचे जंगल आहे. जंगल म्हटले तरी ते लावलेले. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकडाचा तुटवडा जाणवला, म्हणून १९१९ मध्ये सरकारने वनखाते उभारले आणि उघड्या टेकड्यांवर सूचिपर्णी झाडे लावायला घेतली. त्या झाडांतून आज सायकलींच्या वाटा वळणे घेत उतरतात. हिरवी वाट लहान मुलांसाठी, निळी थोडी अवघड, तांबडी सरावलेल्यांसाठी आणि काळी ज्याला आपल्या हाडांची फिकीर नाही त्याच्यासाठी. २०२३ च्या ऑगस्टमध्ये जागतिक सायकल स्पर्धेतील डोंगरी शर्यती याच जंगलात झाल्या. सर्वांत उंच माथा ६०२ मीटरचा, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी. पण पायाने पेडल मारत चढायचे तर तेवढाही पुरून उरतो.

बकरी ईद उरकल्यावर, २०२५ च्या जूनमध्ये, आम्ही दोघे एडिंबराला भाच्याकडे राहायला गेलो होतो. भाचा तिथे नोकरी करतो आणि रविवारी सायकल घेऊन डोंगरात जातो. भाचेसून मुंब्र्याची. लग्नानंतर दोन-तीनदा ती त्याच्याबरोबर सायकलवर गेली. मग सोडून दिले. कारण विचारले तर म्हणाली, “मामी, हे वर पोचून थंडगार होईपर्यंत मी खाली धापा टाकत असते. यांचा रविवार वाया जातो आणि माझाही.” या वेळी मात्र भाच्याने तिच्यासाठी आणि आम्हा दोघांसाठी जंगलाच्या पायथ्याशी विजेच्या सायकली भाड्याने ठरवून ठेवल्या होत्या. निघताना म्हणाला, “मामू, तिथे नुसत्या सायकली नाही, माणसंही बघा. सध्या एका नव्या सायकलवरून सगळ्यांचं वाजलंय.”

विजेची सायकल म्हणजे नेमके काय, हे आधी सांगायला हवे. आपल्याकडे बाईक म्हटले की मोटरसायकल. तिथे बाईक म्हणजे साधी सायकल, आणि ई-माउंटन बाईक म्हणजे डोंगरवाटांसाठी बनवलेली, बॅटरी आणि मोटर असलेली सायकल. रुंद खाचदार टायर, पुढेमागे धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा, मजबूत ब्रेक. मोटर पेडलच्या दांड्यापाशी बसवलेली असते. हँडलची मूठ पिळून ही सायकल पळत नाही. तुम्ही पेडल मारले की आतला संवेदक तुमच्या पायाचा जोर मोजतो आणि मोटर त्यात आपली भर घालते. पाय थांबले की मोटर थांबते. ब्रिटन आणि युरोपातील कायद्याप्रमाणे ताशी २५ किलोमीटरच्या आसपास वेग गेला की मदत बंद होते आणि मोटरीची सलग चालण्याची शक्ती २५० वॅटपेक्षा जास्त असता कामा नये. या चौकटीत बसणारी सायकल ही कायद्याने सायकलच. तिला नंबरची पाटी लागत नाही, विमा लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवाना लागत नाही.

ज्या सायकलवरून वाजले होते तिचे नाव अ‍ॅमफ्लो. तिच्या पोटातली मोटर डीजेआय या चिनी कंपनीची. लग्नसमारंभात वरून चित्रीकरण करणारे ड्रोन आपण पाहतो, त्यांतले बरेच याच कंपनीचे असतात. शेनझेन शहरातल्या या कंपनीने जुलै २०२४ मध्ये फ्रँकफर्टच्या सायकल प्रदर्शनात ‘अव्हिनॉक्स’ नावाची मोटर आणि ती बसवलेली अ‍ॅमफ्लो सायकल पुढे आणली. त्यापूर्वी या धंद्यात तिचे नाव नव्हते. मोटरीचे वजन अवघे अडीच किलो. फिरवण्याचा जोर १०५ न्यूटन-मीटर, आणि ‘बूस्ट’चे बटण दाबले तर अर्धा मिनिट १२० पर्यंत. त्या वेळी बाजारात सर्वांत जास्त दिसणारी जर्मन मोटर ८५ ची होती. ८०० वॅट-तासांची बॅटरी धरूनही सायकलचे वजन १९ किलोच्या थोडे वर. इतक्या ताकदीच्या इतर सायकली २३ ते २५ किलोच्या असतात.

आकड्यांनी डोके भणभणू नये म्हणून घरातली उदाहरणे घेऊ. छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा, म्हणजे कायद्यातले २५० वॅट म्हणजे तीन पंखे आणि वर थोडेसे. मसाला वाटायचा मिक्सर ७५० वॅटचा. इस्त्री हजार वॅटची. ही नवी मोटर बूस्टमध्ये क्षणभर हजार वॅटपर्यंत जाते. चांगल्या तब्येतीचा साधा माणूस तासभर पेडल मारत राहिला तर शंभर-दीडशे वॅट देतो. मग २५० चा कायदा आणि हजारची मोटर यांचा मेळ कसा बसतो? कायदा मोजतो ती सलग चालण्याची शक्ती. चढावर काही क्षण लागणारा कमाल जोर तो मोजत नाही. त्यामुळे एकाच मोटरीवर २५० हा आकडाही खरा आणि हजार हाही खरा. साऱ्या वादाचे मूळ या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे.

जंगलाच्या पायथ्याशी गाडीतळ आहे, सायकलींचे दुकान आहे आणि चहाचे ठिकाण आहे. तिथल्या लाकडी बाकांवर चिखलाने माखलेली माणसे बसलेली असतात आणि कुणाशीही बोलायला तयार असतात. आम्ही दोघे डोक्याला टोपी, स्कार्फ, अंगात जाडे जाकीट, हातात भाकरीचा डबा अशा अवतारात बसलो, तरी कुणाला नवल वाटले नाही. पहिला भेटला तो तिशीतला वीजतंत्री. त्याच्याकडे ती नवी सायकल होती. काळी, बारीक अंगाची, वरच्या दांडीत छोटा रंगीत पडदा. “संध्याकाळी पाचला काम सुटतं,” तो सांगू लागला. “साध्या सायकलीवर एक फेरी व्हायची, फार तर दोन. आता चार होतात. आणि घरी गेल्यावर मुलांशी खेळायला ताकद उरते.” बूस्टबद्दल विचारले तर हसला. “ते मित्रांना दाखवायला. मी आपोआप चालणाऱ्या पायरीवरच ठेवतो. मला आवडलं ते वजन. उतारावर ही सायकलीसारखी वळते, ओझ्यासारखी नाही. आणि आवाज जवळजवळ नाहीच.”

शेजारच्या बाकावर एक वयस्क जोडपे होते. दोघेही निवृत्त शिक्षक. नवऱ्याच्या हृदयात स्टेंट बसवलेली. त्यांच्याकडे चार-पाच वर्षांपूर्वीच्या, कमी ताकदीच्या विजेच्या सायकली होत्या. डॉक्टरांनी त्यांना व्यायाम सांगितला होता आणि छातीवर ताण नको असेही सांगितले होते. “चढावर मी घड्याळात नाडी बघतो,” ते म्हणाले. “वाढली की मदतीची एक पायरी चढवतो. डोंगर तोच, जोर माझ्या हातात.” नव्या सायकलकडे त्यांनी कौतुकाने पाहिले, पण घेणार का म्हटल्यावर बायकोने मान हलवली. “हजार वॅट घेऊन आम्ही काय करू? आम्हाला वर जायचंय, पटकन वर जायचं नाहीये.”

दुकानातल्या कारागिराचे दुखणे वेगळे. पंचवीस वर्षे हाताला ग्रीस लागलेला माणूस. मोटर उत्तम आहे, हे त्याने आधीच मान्य केले. त्याची काळजी पुढच्या दहा वर्षांची होती. “जुन्या कंपन्यांची माणसं मी ओळखतो. भाग कुठून मागवायचा, किती दिवसांत येणार, ठाऊक असतं. नवा खेळाडू आला की हे सगळं शून्यापासून. आपल्याकडे एक छोटी मोटारगाडी येईल एवढ्या पैशाची वस्तू आहे. बॅटरी थकली, पडदा गेला, तर गिऱ्हाईक कंपनीकडे जाणार नाही, माझ्या दारात उभं राहील.” मग थोडे थांबून म्हणाला, “पण एक कबूल करतो. हिच्यामुळे बाकीचे जागे झाले.” तो म्हणाला ते खरेच होते. २०२५ च्या त्याच उन्हाळ्यात त्या जर्मन कंपनीनेही आपल्या मोटरीचा जोर ८५ वरून १०० न्यूटन-मीटर आणि कमाल शक्ती ७५० वॅटपर्यंत नेण्याची सोय केली.

दुपारी आम्ही निघालो. भाचा आपल्या साध्या सायकलीवर, बाकी तिघे विजेच्या. हिरव्या वाटेने सुरुवात केली. मदतीची सर्वांत खालची पायरी ठेवली तरी पहिल्या चढाला पाठीवर कुणी प्रेमाने हात ठेवून पुढे ढकलावे तसे वाटले. पाय दुखतात, श्वास लागतो, पण थांबावेसे वाटत नाही. पायातले काम पायांनाच करावे लागते. फक्त डोंगर थोडा बुटका होतो. एक साधा हिशोब भाच्याने सांगितला. माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो धरले, तर चारशे मीटर वर चढायला निखळ गणिताने सुमारे ११० वॅट-तास लागतात. वाटेतले घर्षण वगैरे निराळे. मोठी बॅटरी ८०० ची, म्हणजे आपल्या मीटरवरचे एक युनिटही पूर्ण नाही. वीजबिलात पाचदहा रुपयांनी जे दिसेल, तेवढ्यात माणूस अनेकदा डोंगर चढतो. आमच्यासारख्या साठीला टेकलेल्यांना हे गणित कोड्यासारखे वाटले.

निळ्या वाटेच्या फाट्यावर आम्ही थांबलो आणि दोघा तरुणांना पुढे जाऊ दिले. पाऊण तासाने ते परत आले, तेव्हा भाचेसून पुढे होती. स्कार्फवर हेल्मेट, गालावर चिखलाचा शिंतोडा. “मामी, आज मी वर थांबले होते आणि हे मागून आले!” ती म्हणाली. भाचा घामाघूम होता, पण तोंडावर समाधान. झाडाखाली चादर अंथरून तांदळाच्या भाकऱ्या आणि खिमा खाताना ती एक गोष्ट बोलली ती आमच्या मनात राहिली. “आधी यांना माझ्यासाठी थांबावं लागायचं. थांबणारा काही बोलत नाही, पण ज्याच्यासाठी थांबतात त्याला ते ऐकू येतं.” मोटरीच्या कौतुकाचे कितीतरी बोल आम्ही त्या दिवशी ऐकले. त्यांत हा सर्वांत मोलाचा.

पण याच जंगलात दुसरी बाजूही भेटली. एडिंबरा विद्यापीठात शिकणारी एक मुलगी साध्या सायकलीवर चढ चढत होती. वळणावर श्वास घ्यायला थांबली तेव्हा बोलणे झाले. विजेच्या सायकलींवर तिचा राग नव्हता. “माझी आई त्याच्याशिवाय इथे आलीच नसती,” ती म्हणाली. “पण चढाच्या अरुंद वाटेवर मी ताशी सहा-सात किलोमीटरने जाते. मागून कुणी अठराने येतो, तेव्हा तो माझ्या खेळातला राहत नाही. आवाजही नसतो, त्यामुळे कळतही नाही. मदत करणारी मोटर आणि ओढून नेणारी मोटर यांत फरक आहे. ती रेघ कुठे आखायची, हे कुणीतरी ठरवायला हवं. आपण ठरवलं नाही तर दुसरं कुणी ठरवेल, आणि मग सगळ्यांनाच बाहेर काढतील.”

तिच्या या शेवटच्या वाक्यात किती अर्थ आहे, हे स्कॉटलंडचा कायदा समजून घेतल्याशिवाय लक्षात येत नाही. आपल्या गावाकडे वहिवाट हा शब्द आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून पिढ्यान्‌पिढ्या लोक जात आले, तर ती वाट कुणी अडवू शकत नाही, असे आपण मानतो. स्कॉटलंडने २००३ मध्ये जमीन सुधारणा कायदा करून जवळजवळ सबंध देशालाच अशी वहिवाट दिली. डोंगर, जंगल, कुरण, मालक कुणीही असो, जबाबदारीने वागणारा कोणीही माणूस तिथून पायी, घोड्यावर किंवा सायकलीवर जाऊ शकतो. घराभोवतीची बाग, उभे पीक असे काही अपवाद सोडले तर फाटक लावून कुणी म्हणू शकत नाही की ही माझी टेकडी. शेजारच्या इंग्लंडमध्ये एवढी मोकळीक नाही. तिथे सायकलीला घोड्यांच्या जुन्या वाटांवर हक्क आहे, पण साध्या पायवाटांवर नाही.

स्कॉटलंडच्या या हक्कातून एक गोष्ट स्पष्ट शब्दांत वगळली आहे: मोटरीवर चालणारे वाहन. विजेची सायकल या हक्कात बसते ती एकाच कारणाने. कायद्याच्या नजरेत तिची मोटर इतकी दुबळी आहे की ती मोटरच नव्हे. म्हणजे या सायकलीला डोंगर खुला आहे तो तिच्या ताकदीमुळे नव्हे, तर तिच्या दुबळेपणामुळे. ताकद वाढवत नेली तर एक दिवस कुणीतरी विचारणार की ही अजून सायकलच आहे का. तेव्हा उत्तर नाही आले, तर नुकसान एकट्या हजार वॅटवाल्याचे होणार नाही. नाडी बघत चढणारे ते शिक्षक, त्या मुलीची आई आणि आमची भाचेसून, सगळेच फाटकाबाहेर.

ही भीती हवेतली नाही. अमेरिकेत सरकारी वनांच्या बिगरमोटर वाटांवर विजेच्या सायकलीला मोटारवाहन समजतात. खास परवानगी दिलेली वाट नसेल तर प्रवेश नाही. जर्मनीत सायकल उद्योगाच्या संघटनेनेच २०२५ मध्ये सुचवले की कमाल शक्तीलाही ७५० वॅटची मर्यादा घालावी आणि माणसाच्या जोराच्या साधारण चौपटीपर्यंतच मोटरीने मदत करावी, म्हणजे सायकल सायकलच राहील. त्यावर काहींनी विचारले की ही काळजी नियमांची की नव्या चिनी स्पर्धकाची? प्रश्न गैर नाही. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात. ब्रिटन सरकारने २५० ची मर्यादा ५०० वर न्यावी का, यावर २०२४ मध्ये लोकांची मते मागवली होती. पुढच्या वर्षी तो विचार सोडून दिला. मर्यादा आहे तिथेच राहिली. पण ती सलग शक्तीची; कमाल जोराचा प्रश्न तसाच उभा आहे.

चारच्या सुमारास आम्ही नदीकाठच्या सपाट वाटेने इनरलिदनकडे निघालो. ही वाट म्हणजे जुन्या रेल्वेची जागा. १९६२ मध्ये गाडी बंद झाली, रूळ उखडले, आणि पुष्कळ वर्षांनी त्या पट्ट्यावर पायी व सायकलीने जाणाऱ्यांसाठी पक्की वाट झाली. सात-आठ किलोमीटरच्या या वाटेवर तान्ह्या मुलाला ढकलगाडीत घेऊन फिरणारी आई होती, कुत्रा घेऊन निघालेल्या आजी होत्या, आणि आम्ही. आजींनी घंटी ऐकून कुत्र्याला जवळ ओढले आणि हात केला. “घंटी वाजवणारे मला सगळे आवडतात,” त्या म्हणाल्या, “मोटर असो नसो.”

इनरलिदन हे लहानसे गाव, पण उतारावरच्या सायकलवाल्यांत त्याचे मोठे नाव. गावावरच्या टेकडीवरील अनेक वाटा हौशी लोकांनी स्वतः फावड्याने कोरलेल्या आहेत. आता ट्वीड व्हॅली ट्रेल्स असोसिएशन ही स्वयंसेवकांची संस्था त्यांची निगा राखते. टेकडीच्या पायथ्याशी फावडे, कुदळ आणि घमेले घेतलेला एक पन्नाशीतला गृहस्थ भेटला. पावसाचे पाणी वाटेवरून वाहू नये म्हणून चर काढून तो परतत होता. त्यालाही आम्ही तेच विचारले. तो स्वतः विजेचीच सायकल वापरत होता, कारण फावडे आणि कुदळ पाठीला बांधून वर न्यायची तर मोटर मोठी सोयीची. त्याचे बोलणे सर्वांत सरळ होते.

“मोटर उतारावर काही करत नाही,” तो म्हणाला. “उताराची माती टायर आणि ब्रेक खरवडतात, मग ती सायकल विजेची असो की साधी. पण पूर्वी माणूस संध्याकाळी एकदा उतरायचा, आता चारदा उतरतो. म्हणजे वाट चौपट झिजते. इथे पाऊस भरपूर, माती मऊ. माझा हिशोब सोपा आहे. चार फेऱ्या मारणाऱ्याने चारपट घमेली उचलावीत. ते होत असेल तर हजार वॅट आणा, मला काही म्हणायचं नाही. होत नसेल तर अडीचशेही जास्त आहेत.”

वाटेतला काटा-दगड बाजूला करणे हे आपल्याकडे सवाबाचे काम समजतात. लहानपणी पाखाडीवरून मदरशाला जाताना घरच्या वडीलधाऱ्यांनी हे आम्हाला करायला लावलेले आहे. दूरच्या देशातल्या अनोळखी माणसाच्या तोंडी तोच विचार वॅटच्या भाषेत ऐकायला मिळाला. सायकलस्वारांच्या इतक्या मतांतून आम्हाला जे पटले ते हेच. मोटर किती मोठी असावी यावर एकमत होणार नाही. पण मदत घेणाऱ्याने वाटेचे देणेही वाढवून द्यावे, यावर साधी सायकलवाली मुलगी, शिक्षक आणि वीजतंत्री यांपैकी कुणीही नाही म्हणणार नाही.

हा प्रश्न आपल्याकडेही येऊन ठेपला आहे. भारताच्या मोटार वाहन नियमांतही २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या विजेच्या सायकलीला नोंदणीतून सूट आहे. आकडे जवळजवळ तेच. माथेरानमध्ये वाहनांना बंदी, आणि तिथे ई-रिक्षा याव्यात की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. माणसाने माणसाला ओढण्याचे काम थांबावे, हे खरे. घोडेवाल्यांची रोजी-रोटी आणि डोंगराची शांतता टिकावी, हेही खरे. सह्याद्रीच्या घाटवाटांवर उद्या अशा सायकली येतील तेव्हा प्रश्न त्यांच्या मोटरीपाशी थांबणार नाही. वाट कुणाची, ती कोण दुरुस्त करणार आणि पायी चालणाऱ्याला आधी जाऊ कोण देणार, हेही ठरवावे लागेल.

कुणाला तिकडे जायचे असेल तर थोडी माहिती. एडिंबराहून पीबल्स आणि इनरलिदनला थेट बस आहे. मे ते सप्टेंबर हा काळ बरा, पण पावसाचे जाकीट बारमाही लागते. संध्याकाळी वारा पडला की मिज नावाची बारीक चिलटे फोडून काढतात, त्यामुळे पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. पहिल्यांदा जाणाऱ्याने हिरवी वाट आणि नदीकाठची रेल्वेची वाट एवढ्यावर समाधान मानावे. विजेची सायकल जड असते. तिचे ब्रेक आधी सपाट जागेवर दाबून बघावेत. हलाल खाणे खेड्यात सहज मिळत नाही, डबा सोबत असलेला बरा. एडिंबरा शहरात विद्यापीठाजवळ मोठी मध्यवर्ती मशीद आहे, तिथे जवळपास चांगली सोय होते. जूनअखेरीस मगरिबची वेळ रात्री दहाच्या सुमारास येते. त्यामुळे दिवस एवढा लांब असतो की असर झाल्यावरही एक डोंगर होऊन जातो.

परत यायच्या आदल्या दिवशी भाचेसुनेने मोबाइलवर एक फॉर्म भरताना आम्हाला दाखवला. तिला वाटले होते की आम्ही सायकल विकत घेण्याबद्दल विचारू. पण तो फॉर्म वाटा दुरुस्त करणाऱ्या स्वयंसेवकांचा होता. महिन्यातून एक रविवार, दोन तास, फावडे त्यांचे. नावापुढे तिने स्वतःचे नाव आधी लिहिले आणि खाली भाच्याचे. आम्ही रत्नागिरीला परतल्यावर दोन आठवड्यांनी त्यांचा फोटो आला. दोघांच्या हातांत घमेले, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि मागे नुकताच काढलेला, स्वच्छ वाहणारा चर.